साहेबासाठी धुकं

धुकेमास्तर हे नाव त्यांना रोपवाटिकेतल्या बायकांनी दिलं. शाळेत शिकवायला मास्तर कधीच नव्हते. पॉलिहाउसमध्ये पंप बसवायचा, पाइप ओढायचे, छताखाली नोझल टांगायचे आणि बटण दाबून कोवळ्या कलमांवर पांढरं धुकं उतरवायचं, हे त्यांचं काम. पण हात चालू असले की तोंडही चालू. नोझलचं भोक किती बारीक, पाण्याला दाब किती, गाळणी कशी धुवायची, आणि त्यांच्या आधीच्या मिस्त्रीनं काय घाण करून ठेवली होती. कलमं खोचणाऱ्या बायका माना खाली घालून ऐकायच्या, कारण हात मातीत असायचे आणि पळून जायला जागा नसायची. त्यांतलीच एक एकदा म्हणाली, 'आले बघा धुकेमास्तर, आता तास सुरू.' नाव चिकटलं ते चिकटलंच. मास्तरांनाही ते आवडलं. त्यात चेष्टा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नसतं.

त्यांची सगळी विद्या एका गोष्टीवर उभी होती. पानावर थेंब दिसला की काम बिघडलं. थेंब साचला की बुरशी, बुरशी आली की काळे डाग, आणि डाग पडले की अख्खा वाफा उपटून फेकायचा. म्हणून पाणी इतकं बारीक फोडायचं की ते हवेतच राहील, गारवा देईल आणि विरून जाईल; पानावर टिपूस बसता कामा नये. पंप बंद झाल्यावर नोझलच्या तोंडाशी जे एक-दोन थेंब लोंबतात, तेवढेही मास्तरांना खपत नसत. त्यासाठी ते प्रत्येक नोझलमागे एक इवलीशी झडप बसवायचे. गळणारा नोझल दिसला की त्यांचं तोंड असं व्हायचं, जसं जेवताना शेजारचा ताटावर शिंकला आहे. कामात माणूस चोख होता, त्याबद्दल वाद नाही. त्यांनी बसवलेल्या पॉलिहाउसमधली कलमं मरत नसत.

घरी त्यांचा तास ऐकायला दोघंच होते. बायको कपडे शिवण्याच्या दुकानात कामाला जायची आणि दिवसभर मशीनच्या आवाजात बसल्यामुळे आपल्याला नीट ऐकू येत नाही असं दाखवायची. मुलगा एकुलता एक. लहानपणी तो बापाच्या तोंडाकडे बघत बसायचा. मोठा झाल्यावर मधूनच काहीतरी बोलायला जायचा, आणि मास्तर हात वर करून म्हणायचे, 'आधी मी काय सांगतोय ते ऐकून घे.' ऐकून घेता घेता त्याला काय म्हणायचं होतं ते राहून जायचं. पुढे तो बोलायचाच बंद झाला. आणखी पुढे तो प्यायला लागला. एकामुळे दुसरं झालं असं म्हणणं सोपं आहे आणि बहुधा खोटंही आहे. गप्प माणसं सगळी पीत नाहीत.

पण हा प्यायचा. पहिली नोकरी गेली, दुसरी तर नीट मिळाली सुद्धा नाही. आईनं देवापासून डॉक्टरपर्यंत सगळं करून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. त्या सगळ्या काळात मुलाच्या हातून एकच काम चुकलं नाही, ते म्हणजे सरड्याला पाणी द्यायचं.

सरडा म्हणजे कॅमेलियन, रंग बदलणारा. गाव सोडून चाललेल्या एका मित्रानं तो त्याला देऊन टाकला होता. मुलाच्या खोलीत खिडकीशी जाळीचा उंच पिंजरा होता, आत कुंडीतलं एक झाड आणि आडव्या-तिडव्या काटक्या. हा प्राणी एक पाय उचलायचा, हवेत धरायचा, विचार करायचा आणि पुन्हा होता तिथेच ठेवायचा. एक डोळा छताकडे, एक दाराकडे. मुलाची आई पहिल्याच दिवशी म्हणाली, 'हा तर सरकारी कचेरीतला साहेब. सगळीकडे बघतो आणि काही करत नाही.' तेव्हापासून तो साहेब. मुलगा सरळ उभा राहू शकत नसला तरी एका हातानं पिंजऱ्याची कड धरायचा आणि दुसऱ्या हातानं बाटलीतून फवारा मारायचा, दिवसातून चार-पाच वेळा. स्वतःला सांभाळता येत नाही आणि सरड्याला सांभाळतोय, असं मास्तर म्हणायचे, आणि मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे.

शेवटी एक दिवस मुलगा स्वतःहून व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. जाताना त्यानं फक्त साहेबाच्या खाण्यापिण्याचं सांगितलं, तेही आईला. तिथल्या समुपदेशक बाईंनी मग दोघांना बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, 'इथून गेल्यावर घरी जाशील का, असं आम्ही प्रत्येकाला विचारतो. तुमचा मुलगा पहिल्यांदा नाही म्हणाला. मग म्हणाला, साहेबासाठी जाईन. हा साहेब कोण?' आईनं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. 'तो सरडा नीट ठेवा,' त्या म्हणाल्या. 'सध्या घराकडे जाणारी त्याची वाट तेवढीच आहे.'

परतीच्या रस्त्यात मास्तर एक शब्द बोलले नाहीत. बायकोला वाटलं, यांना बरं नाही की काय.

सुरुवातीला पाणी तीच द्यायची. सकाळी कामाला जाताना, दुपारी दुकानातून धावत येऊन, संध्याकाळी आल्यावर. बाटलीतून मोठे मोठे थेंब उडायचे, पानांवरून ओघळायचे, फरशीवर पाणी व्हायचं. एकदा ती त्यात घसरली आणि कोपरावर पडली. दुकानातला मालकही दुपारच्या धावपळीवरून कुरकुरायला लागला होता. त्या संध्याकाळी कोपरावर शेक घेत बसलेल्या बायकोकडे बघत मास्तर म्हणाले, 'हे माझं काम आहे. इतके दिवस माझ्या कसं लक्षात आलं नाही?'

आणि मग मास्तरांनी जिवाचं रान केलं. आयुष्यात पहिल्यांदा मुलासाठी असं काहीतरी करायचं होतं, जे त्यांना खरंच येत होतं. झाकणाची बादली आणली, तळाशी गाळणी बसवली. छोटा पंप आणला, आणि त्याच्या थरथरीनं साहेब दचकायला नको म्हणून त्याच्याखाली जाड स्पंज घातला. पेन्सिलीएवढा काळा पाइप भिंतीच्या कडेनं असा नेला की पायात येऊ नये. पिंजऱ्याच्या छताला चार नोझल लावले, त्यांच्याकडचे सगळ्यात बारीक भोकाचे, आणि चारींमागे झडपा. खाली ट्रे. सगळ्याला टायमर, म्हणजे दिवसभर ठरल्या वेळेला पंप आपोआप सुरू आणि बंद. पानांखाली काळा कागद धरून त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं. कागदावर एक ठिपका उमटला तेव्हा त्यांनी तो नोझल काढून टाकला आणि नवा लावला.

पहिल्यांदा पंप सुरू झाला तेव्हा पिंजरा पांढऱ्या धुक्यानं भरून गेला. झाड दिसेनासं झालं, साहेबाची फक्त शेपूट दिसत होती. मिनिटाभरात धुकं विरलं. पानं थंड आणि कोरडी. साहेबानं मान पुढे काढली, पानाला जीभ लावली, थोडं थांबून दुसऱ्या पानाला लावली.

'बघ, आवडलं त्याला,' मास्तर म्हणाले.

बायकोलाही बरं वाटलं. फरशी कोरडी राहणार होती आणि तिला दुपारी धावत यायला नको होतं. तिनं खबरदारी म्हणून एका वाटीत पाणी भरून आत ठेवलं. 'तहान लागली तर पिईल,' ती म्हणाली. मास्तरांना हे म्हणणं पटलं. पाणी समोर असताना कोण तहानलेला राहतो?

केंद्रातून आठवड्यातून एकदा फोन यायचा आणि लवकर संपायचा. पुढचा फोन आला तेव्हा मास्तरांनी बायकोच्या हातातून तो जवळजवळ ओढूनच घेतला. पंप, गाळणी, स्पंज, पाइप, झडपा, सगळं सांगितलं. मुलगा हूं हूं करत होता. मास्तरांचा श्वास संपला तेव्हा तो म्हणाला, 'बाबा, पानांवर थेंब राहतात ना?'

'एक थेंब राहत नाही. पैज लाव.'

'थेंब पाहिजेत, बाबा. तो...'

'अरे, पंचवीस वर्षं मी काय केलं? पानावर थेंब राहिला की काय होतं माहीत आहे का तुला? आधी ऐकून घे.' आणि मास्तरांनी बुरशीचं सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत फोनची वेळ संपली. फोन ठेवताना ते समाधानात होते. इतक्या वर्षांत मुलाशी एवढं बोलणं झालं नव्हतं.

त्याच्या पुढचा फोन आला तेव्हा बायको दुकानात होती. मुलानं आईला द्या म्हटलं. आई नाही म्हटल्यावर तो म्हणाला, 'मग तिला एवढं सांगा, की बाटलीनंच मारत जा. आधी मारायची तसं.'

'सांगतो,' मास्तर म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. विसरलो असं ते पुढे कधी म्हणाले नाहीत, कारण ते विसरले नव्हते. एवढं जीव ओतून केलेलं काम, आणि त्यावर बाटली? मनाला लागलं होतं. आज ना उद्या मुलगा घरी येईल, डोळ्यांनी बघेल आणि गप्प होईल, असं त्यांनी स्वतःच स्वतःला समजावलं.

साहेबाचे डोळे आत गेलेत हे आधी बायकोच्या लक्षात आलं. भिंगासारखे बाहेर आलेले ते गोल डोळे खोबणीत बसल्यासारखे दिसत होते. दिवसासुद्धा तो ते मिटून घ्यायचा. नाकतोडा समोर सोडला तरी जीभ काढायचा नाही. पाण्याची वाटी जशीच्या तशी होती, वर धूळ धरली होती.

'याला काहीतरी होतंय,' ती म्हणाली. 'मी जरा बाटलीनं मारू का?'

'गारव्यात झोप येते. आणि बाटली मारलीस तर झाड सडेल, मग त्याच्या अंगावर बुरशी येईल. माझं ऐक.'

तिनं ऐकलं. इतक्या वर्षांची सवय होती, आणि पाण्यातलं त्यांना कळतं यावर तिचा विश्वासही होता. पिंजरा दिवसातून कितीतरी वेळा धुक्यानं भरत होता आणि रिकामा होत होता. आतमध्ये साहेब काटकीला घट्ट धरून बसलेला. एका सकाळी तो काटकीवर नव्हता. खाली ट्रेमध्ये कुशीवर पडला होता आणि रंग राखेचा झाला होता.

बायकोनं त्याला रुमालात गुंडाळलं आणि दोघं जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं साहेबाच्या पाठीची कातडी चिमटीत धरून उचलली. सोडल्यावर ती तशीच उभी राहिली.

'पाणी किती दिवस मिळालं नाही याला?' तिनं विचारलं.

मास्तर पुढे झाले. 'अहो, पाण्यातच ठेवला होता. दिवसभर धुकं. मी स्वतः बसवलंय.'

'धुकं पिता येत नाही याला. आणि वाटीतलं साचलेलं पाणी याच्या लक्षातच येत नाही. हे पानावरचे थेंब चाटतात. थेंब पडत होते ना?'

सुईनं पाणी चढवायची तिनं तयारी केली, पण सुई घेऊन ती वळली तेव्हा साहेबाला त्याची गरज उरली नव्हती. बायको रुमालाच्या चारही कडा पुन्हा एकमेकींवर घालत राहिली.

घरी आल्यावर मास्तरांनी पंपाची वायर काढली आणि मुलाच्या पलंगावर बसून राहिले. थेंब पडू नये म्हणून रात्रंदिवस केलेली खटपट, चार झडपा, काळा कागद. पंप बंद झाल्यावर नोझलमधून चार थेंब जरी गळले असते तरी तो प्राणी जगला असता, हे त्यांना आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना रडू आलं, आणि ते आवाज करून रडले. बायको दारात उभी होती. ती आत आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, 'त्याला आत्ता सांगू नका. सुटून घरी येऊ दे, मग बघू. फोनवर विचारलं तर बरा आहे म्हणा.'

मास्तर हो म्हणाले. पण भेटीचा दिवस आला, बायकोला दुकानातून सुट्टी मिळाली नाही आणि मास्तर एकटेच गेले. केंद्राच्या आवारात सिमेंटचे बाक होते. मुलगा समोर येऊन बसला. अंगानं भरला होता, केस बारीक कापलेले, हात थरथरत नव्हते. त्याला तसं पाहून मास्तरांना खोटं बोलवेना.

'साहेब गेला,' ते म्हणाले.

मुलानं मान हलवली, जणू उशिरा येणारी गाडी अखेर आली. 'कधी?'

'मागच्या आठवड्यात.'

'डोळे आत गेले होते?'

'हो.'

'दिवसा मिटून घेत होता?'

'हो.'

'थेंब पाहिजेत म्हणालो होतो मी.'

'हो.'

'आईला सांगायला सांगितलं होतं. सांगितलंत?'

'नाही,' मास्तर म्हणाले.

आणि मग मास्तर बोलायला लागले. सगळ्यात बारीक नोझल घेतले होते. पंपाखाली स्पंज घातला होता. जे केलं ते सगळं चांगल्यासाठीच केलं होतं, कारण कलमांचं कसं असतं की... मुलगा मान खाली घालून ऐकत होता. पॉलिहाउसमधल्या बायकांकडे मास्तरांनी कधी नीट पाहिलं असतं, तर ही मान त्यांना ओळखता आली असती. तरी कशानं कोण जाणे, वाक्याच्या मध्येच ते थांबले.

'झालं?' मुलानं विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

'झालं.'

'मी घरी येणार नाही, बाबा. इथं कपडे धुण्याच्या खोलीत माणूस पाहिजे आहे. राहायला जागा देतात. मी हो म्हटलंय.'

'सरड्यापायी घर सोडतोस?' मास्तरांचा आवाज चिरकला. 'दुसरा आणू. तू सांगशील तसं करू. मी झडपा काढून टाकतो.'

'सरड्याचं नाही. तुमच्यावर रागही नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.' तो हळूहळू बोलत होता, शब्द शोधून. 'इथं रोज संध्याकाळी आम्ही गोल बसतो. मी बोलायला लागलो की बाकीचे थांबतात. आधी मला वाटायचं चेष्टा करतायत. पण ते खरंच थांबतात, माझं होईपर्यंत. घरी आलो तर मी परत गप्प बसेन. मी गप्प बसलो की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे.'

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मुलगा उठला, वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला आणि आत गेला. मास्तर बाकावरच बसून होते. रखवालदारानं येऊन दोनदा सांगितलं, तेव्हा उठले.

घरी बायको दारातच होती. तिला दुकानातून लवकर सुटता आलं होतं आणि तिनं मुलाची खोली झाडून काढली होती. 'काय म्हणाला?' तिनं विचारलं. 'कधी येतोय?'

मास्तरांनी पायरीवर बसून सगळं सांगितलं. डोळ्यांचं काय विचारलं ते, थेंबांचं, कपडे धुण्याच्या खोलीचं, संध्याकाळी गोल बसण्याचं. आईला सांगा म्हणून जो निरोप दिला होता आणि जो आपण दाबून ठेवला, तोही सांगितला. स्वतःचा एक शब्द मध्ये घातला नाही.

बायकोनं सगळं उभ्यानं ऐकलं. बाटलीच्या निरोपापाशी तिनं दाराची चौकट धरली.

'आणि तुम्ही काय म्हणालात?'

'शेवटी काही नाही. ऐकून घेतलं.'

'आत्ता ऐकलंत होय,' ती म्हणाली आणि मुलाच्या पलंगावर सकाळी घातलेली नवी चादर काढायला आत गेली.